वाचक विचारतात : जुन्या विनोदी मालिका

जुन्या विनोदी मालिकांबद्दल जे विचारायचं ते विचारा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. निम्म्या पत्रांत "आता तसं बनत नाही हो" एवढंच होतं. त्याला आमच्याकडे उत्तर नाही. उरलेल्या पत्रांतले हे प्रश्न.

प्रश्न (नागपूर) : आमच्या घरी 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चे भाग पाचव्या-सहाव्यांदा चालू आहेत. पुढचं वाक्य आम्हीच आधी म्हणतो, आणि तरी हसतो. माहीत असलेल्या विनोदाला हसू येतंच कसं?

उत्तर : चुटक्यात शेवट लपवलेला असतो. एकदा कळला की चुटका संपला. चांगल्या विनोदी मालिकेत लपवलेलं काही नसतंच. पहिल्या दोन-तीन भागांत माणसाचा स्वभाव टेबलावर मांडून ठेवतात आणि पुढे आपण नुसती वाट बघतो : हा गृहस्थ आता तेच करणार, फक्त कधी करतो बघू. हसू 'काय'वर नसतं, 'कधी'वर असतं. म्हणून संवाद पाठ असले तरी बिघडत नाही. उलट पाठ असले की वाट बघणं जरा आधीपासून सुरू होतं.

'ऑफिस ऑफिस' (२००१) घ्या. दर भागात कचेरी बदलते, मुसद्दीलालचं काम बदलतं, पण टेबलामागची माणसं तीच. शुक्लाच्या तोंडात पान, भाटियाचं खाणं चालूच आणि पटेल "दो बातें" काढणार. पटेलने तोंड उघडलं की आपल्याला दोन्ही बातें ऐकायच्या असतात, कारण त्यातली एकही कामाची नसणार हे ठाऊक असतं. मुसद्दीलाल झालेल्या पंकज कपूर यांच्या वाट्याला विनोदी वाक्यं फार कमी आली आहेत. त्यांचं बहुतेक काम ऐकून घेण्याचं आहे, आणि सगळी मालिका त्या ऐकून घेण्यावर उभी आहे.

मुंबई दूरदर्शनवर कृष्णधवल काळात चिमणराव आणि गुंड्याभाऊ (दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे) आले, तेव्हा ही ओळख करून देण्याचे दोन-तीन भागही लागले नाहीत. चिं. वि. जोशींच्या कथांमुळे ही जोडी मराठी घरांत आधीच राहायला होती. चिमणराव संकटाला घाबरणार आणि गुंड्याभाऊ त्यावर अंगाने चालून जाणार, हे पहिल्या दृश्याआधीच ठरलेलं होतं.

'टिपरे'त आणखी एक सोय आहे. दिवसभर घरात जे घडलं ते आबा (घरातले आजोबा) रात्री अनुदिनीत, म्हणजे रोजनिशीत, लिहितात. म्हणजे एकाच प्रसंगाला दोनदा हसायला मिळतं : एकदा घडताना घाईत, दुसऱ्यांदा आबांच्या सवडीने. पुन्हा बघताना हे दुसरं हसू जास्त लागतं असं आमचं मत आहे.

स्मरणरंजन हेही कारण सांगतात. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. 'साराभाई वर्सेस साराभाई' २००४ ते २००६ मध्ये लागायची तेव्हा तिला प्रेक्षक बेताचाच होता. तिचा मोठा चाहतावर्ग नंतर पुनःप्रक्षेपणांतून आणि इंटरनेटवर तयार झाला, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी ती मूळ प्रक्षेपणात बघितलेलीच नव्हती. ज्याची आठवणच नाही त्याचं स्मरणरंजन कसं होणार?

प्रश्न (पुणे) : मागे ऐकू येणारं हसू खरं असतं की टेपवरचं? ते काढून टाकलं तर मालिका जास्त चांगली लागेल का?

उत्तर : तिन्ही प्रकार आहेत : खरं, डब्यातलं (म्हणजे टेपवरचं), आणि खऱ्यात डब्यातली भर.

खऱ्याची घडी बसवली ती 'आय लव्ह लूसी' या अमेरिकी मालिकेने (१९५१ ते १९५७, अर्ध्या तासाचे १८० भाग). सुमारे ३०० प्रेक्षक समोर, आणि ३५ मिलिमीटर फिल्मचे तीन कॅमेरे एकाच वेळी चालू. अडचण दिव्यांची होती. एका कॅमेऱ्यासाठी लावलेला दिवा दुसऱ्याच्या चौकटीत सावली टाकतो आणि दर शॉटला दिवे हलवत बसलं तर प्रेक्षक थंड पडतो. छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी (जर्मनीत 'मेट्रोपोलिस' चित्रित करणारे हेच) बहुतेक दिवे वर टांगून सगळ्या सेटवर सारखा उजेड पाडला. चित्र थोडं सपाट दिसतं खरं. पण बोलणाऱ्याचा चेहरा आणि ऐकणाऱ्याचा चेहरा एकाच क्षणी दोन कॅमेऱ्यांत सापडतो. दुसऱ्या टेकमध्ये कितीही चांगला नट असला तरी पहिल्या धक्क्याची नक्कलच करतो.

डब्यातलं हसू हे चार्ली डग्लस या अमेरिकी ध्वनितंत्रज्ञाचं काम. १९५० च्या दशकात त्यांनी एक पेटी बनवली. आत हसण्याच्या टेपची वेटोळी, बाहेर टाइपरायटरसारख्या कळा. एक कळ खिदळण्याची, एक बाईच्या किंचाळून हसण्याची, एक नुसत्या हुंकाराची. आवाज चढवायला-उतरवायला पायात पेडल. पेटी वाजवायचे म्हटलं तरी चालेल.

ओळखायचं असेल तर हेडफोन लावा. खरं हसू एका कोपऱ्यातून निघतं, पसरतं, पुढच्या शब्दावर चढतं, आणि नट थांबतो. मध्येच कोणी खोकतं. डब्यातलं हसू वाक्य संपताक्षणी भरलेल्या आवाजात सुरू होतं आणि पुढच्या वाक्याआधी शिस्तीत बंद पडतं. तीन-चार भाग लागोपाठ ऐकलेत तर तेच एक खिदळणं पुन्हा भेटेल.

काढावं का? हसू खऱ्या प्रेक्षकांचं असेल तर मुळीच नाही. आपल्या नाटकात 'लाफ्टर घेणं' म्हणतात ना, तेच तिथे चालू असतं : लाफ्टर चढू द्यायचा, उतरायला लागला की पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं. लवकर टाकलं तर वाक्य बुडतं, उशिरा टाकलं तर प्रसंग पडतो. आता त्यातून हसू पुसलंत, तर माणसं दोन-तीन सेकंद उगाच एकमेकांकडे बघत उभी दिसतील. इंटरनेटवर असे पुसलेले तुकडे "बघा, यात विनोदच नाही" म्हणून फिरतात. ती शुद्ध लबाडी आहे.

'मॅश' (युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरची अमेरिकी मालिका, १९७२ ते १९८३) मात्र उलट जातीची. तिचं चित्रण प्रेक्षकांविना व्हायचं आणि हसू वाहिनीच्या आग्रहामुळे घातलेलं होतं. शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तरी ते नको, एवढं निर्मात्यांनी मिळवलं. ब्रिटनमध्ये बीबीसीने ती हसण्याविना दाखवली. तिच्या डीव्हीडीवर हसू बंद करण्याची सोय आहे. एकच भाग दोन्ही तऱ्हांनी बघा, प्रश्न स्वतःच सुटेल.

प्रश्न (ठाणे) : ४३ इंची टीव्हीवर जुन्या मालिकेतली सगळी माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. टीव्हीचा दोष की मालिकेचा?

उत्तर : सेटिंगचा. जुन्या मालिकांची चौकट ४:३ ची (रुंदी : उंची), तुमचा पडदा १६:९ चा. टीव्ही चित्र ओढून पडदा भरतो तेव्हा रुंदी एक तृतीयांशाने, म्हणजे ३३ टक्क्यांनी वाढते.

चित्राच्या सेटिंगमध्ये 'पिक्चर साइज' किंवा 'आस्पेक्ट रेशो' शोधा आणि '४:३' किंवा 'ओरिजिनल' निवडा. 'वाइड', 'स्ट्रेच', 'झूम' नको. 'ऑटो'वरही विसंबू नका. तुमच्या टीव्हीवर चित्र सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद होईल आणि दोन्ही बाजूंना १२-१२ सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या येतील. त्या असायलाच हव्यात. खात्री करायला दृश्यात गोल वस्तू शोधा : भिंतीवरचं घड्याळ, जेवणाचं ताट. ताट गोल दिसलं की झालं.

'झूम' हा ओढण्याहून वाईट. त्यात माणसं सडपातळ राहतात, पण वरून-खालून मिळून चित्राचा चौथा हिस्सा कापला जातो, आणि विनोद पुष्कळदा तिथेच असतो. 'साइनफेल्ड' ही अमेरिकी मालिका २०२१ मध्ये एका स्ट्रीमिंग सेवेवर आली तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या भागात खुद्द खड्डाच चौकटीबाहेर गेला होता. दोन माणसं खाली बघून वाद घालतात, खाली काहीच नाही. 'सिम्पसन्स' या कार्टून मालिकेत बिअरच्या तीन 'वेगवेगळ्या' प्रकारांच्या टाक्या एकाच नळीने भरल्या जाताना दाखवल्या आहेत. वरचा भाग कापला, नळी गेली, उरल्या तीन टाक्या. मूळ फाइलच अशी कापलेली असेल तर तुमच्या रिमोटने काही होणार नाही. दुसरी प्रत शोधा.

प्रश्न (रत्नागिरी) : सत्तरच्या दशकातले मराठी विनोदी कार्यक्रम सलग, सगळे भाग असे मिळत का नाहीत?

उत्तर : टेप महाग होती आणि कार्यक्रम स्वस्त, म्हणून. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण बघणार, असा तेव्हाचा सरळ हिशोब. घरोघरी व्हीसीआर नाहीत, विकायला कॅसेट नाहीत. टेप मात्र पुसून पुन्हा वापरता येते. मग पुसायचे. दूरदर्शनवरच नव्हे, जगभर हेच चाललं. बीबीसीच्या 'डॅड्स आर्मी'चे ८० भाग झाले, त्यातले दुसऱ्या पर्वातले तीन आजही सापडलेले नाहीत, आणि ही तर अतिशय लोकप्रिय मालिका.

'आय लव्ह लूसी' पूर्ण शाबूत आहे याचं कारण ती फिल्मवर होती. फिल्म पुसता येत नाही. तेव्हा त्या पद्धतीचा खर्च जास्त म्हणून कलाकार जोडप्याने मानधन कमी घेतलं आणि बदल्यात फिल्मची मालकी आपल्याकडे ठेवली. पुनःप्रक्षेपणाचा धंदा पुढे त्यावरच उभा राहिला.

जुन्या मराठी कार्यक्रमांच्या बाबतीत सरकारी कपाटाइतकीच आशा घरातल्या माळ्यावर आहे. पुढचा प्रश्न त्याचाच.

प्रश्न (कोल्हापूर) : वडिलांनी १९८५ ते १९९५ या काळात दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेल्या वीसेक व्हीएचएस कॅसेट सापडल्या. त्या संगणकावर घ्यायच्या आहेत. दुकानदाराने करून दिलेल्या एका कॅसेटमध्ये आवाज आणि ओठ जुळत नाहीत.

उत्तर : कॅसेट लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका. आधी तिच्या खिडकीतून रीळ उजेडात धरून बघा. कडेला पांढरी पावडर किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. तुमच्याकडच्या पावसात ती असणारच. अशी एक कॅसेट चालवली की बुरशी व्हीसीआरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि मग प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. बुरशीच्या कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून टेप दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. बाकीच्यांच्या पाठच्या कडेवरची प्लास्टिकची छोटी टॅब मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वडिलांचा 'वागले की दुनिया' पुसला जाणार नाही.

सामान : चालू व्हीसीआर, पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची केबल (व्हीसीआर मोनो असेल तर लाल पिन मोकळी राहील), यूएसबी कॅप्चर यंत्र, आणि १०० जीबी तरी मोकळी जागा असलेला संगणक. जुना डीव्हीडी रेकॉर्डर कुणाकडे पडून असेल तर मागून आणा. व्हीसीआर आणि कॅप्चर यंत्र यांच्यामध्ये तो नुसता जोडून ठेवला तरी थरथरणारं चित्र बरंच स्थिर होतं.

हेड साफ करायचे तर आधी प्लग काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याची काठी वापरा. काठी ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलाला) हलकी टेकवून स्थिर धरायची आणि ड्रम बोटाने फिरवायचा. काठी वर-खाली घासलीत तर हेड तुटेल. कापसाचा बोळा नको, तंतू अडकतात.

आता कॅसेट. पंधरा-वीस वर्षं हलली नसेल तर आधी शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि परत रिवाइंड करा. पट्टी मोकळी होते, ताण सारखा होतो. दोन मिनिटं चालवून ट्रॅकिंग जुळवा. चित्राच्या तळाशी फडफडणाऱ्या दहाएक रेघा राहतील. त्या प्रत्येक व्हीएचएसवर असतात, त्यांच्या मागे लागू नका.

कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पाल' (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) निवडा : ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. बरीच यंत्रं अमेरिकी 'एनटीएससी'वर लावून येतात. मग चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर-खाली धावतं, आणि माणसं कॅसेट खराब समजून फेकून देतात. 'व्हर्च्युअलडब' या कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये 'हफ-वाययूव्ही' कोडेकने (चित्राचा दर्जा न घालवता साठवण्याची पद्धत) घेतलंत तर ताशी ३० ते ३५ जीबी लागतील. डीव्ही प्रकारात ताशी साधारण १३ जीबी. थेट एमपीफोर करू नका. कच्ची प्रत घ्या, नंतर बारीक करा.

ओठ आणि आवाज यांचं भांडण दोन ठिकाणी लागतं. एक म्हणजे फ्रेम गळणं. डिस्क हळू असेल किंवा संगणकावर दुसरं काही चालू असेल तर फ्रेम गळतात. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे दहा गळल्या की आवाज ०.४ सेकंद सरकला. बातम्यांत हे एक वेळ खपेल. विनोदी मालिकेत दार आपटल्याचा आवाज पडल्यावर माणूस दचकायला हवा, आधी नाही. दुसरं ठिकाण म्हणजे आवाज संगणकाच्या माइकच्या भोकातून घेणं. कॅप्चर यंत्राचं घड्याळ वेगळं, साउंड कार्डचं वेगळं. दोघं तासाभरात एकमेकांपासून दूर जातात. चित्र आणि आवाज एकाच यंत्रातून घ्या. झाल्यावर सुरुवात, मध्य, शेवट अशा तीन ठिकाणी टाळी, थप्पड किंवा दाराचा आवाज शोधून जुळवणी तपासा. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी चूक असेल तर घड्याळाचा घोटाळा. मध्येच अचानक बिघडत असेल तर फ्रेम गळल्या.

संगणकावर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतील. जुना टीव्ही सेकंदाला ५० अर्धी चित्रं काढायचा, त्या जोड्या इथे एकत्र दिसतात. फाइल बारीक करणाऱ्या 'हँडब्रेक' या सॉफ्टवेअरमध्ये 'डीइंटरलेस' चालू करून 'बॉब' पर्याय घ्या आणि फ्रेमसंख्या ५० ठेवा. २५ ठेवलीत तर कंगवा जाईल, पण निम्मी हालचालही जाईल. शेवटची प्रत ४ ते ५ मेगाबिटने केली तर ताशी दोनेक जीबी होते.

मधल्या जाहिराती आणि निवेदिकेच्या घोषणा कापू नका. ही प्रत घरापुरती ठेवा. मालिकेचे हक्क निर्मात्यांकडे आहेत, त्यामुळे इंटरनेटवर टाकणं तुमच्या अखत्यारीत येत नाही.

प्रश्न (न्यू जर्सी) : अकरा वर्षांच्या मुलीसाठी मराठी भागांना मी इंग्रजी सबटायटल लिहिते. ती विनोद व्हायच्या आधीच हसून मोकळी होते, आणि आम्ही हसतो तेव्हा आमच्याकडे बघत बसते.

उत्तर : ती ऐकण्याआधी वाचते. दोष सबटायटलच्या तोडणीत आहे.

मराठी वाक्याचं वजन बहुधा शेवटी, क्रियापदावर येतं. समजा पात्र म्हणतं : "तुमचं पत्र मी नीट वाचलं, जपून ठेवलं, आणि… विकलं. रद्दीत." इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद येतं, त्यामुळे सरळ भाषांतर केलं की 'विकलं' नटाच्या तोंडून निघायच्या आत पडद्यावर हजर. म्हणून वाक्य फिरवा, महत्त्वाचा शब्द शेवटी ढकला, आणि पॉजच्या जागी सबटायटलचे दोन तुकडे करा. पहिला 'आणि'पर्यंत. दुसरा 'विकलं' उच्चारलं जाईल त्याच फ्रेमवर, आधी एकही नाही. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये खाली आवाजाचा आलेख दिसतो, त्यात पॉज म्हणजे सपाट जागा. तिथेच कापायचं.

एका ओळीत ४२ पेक्षा जास्त अक्षरं नकोत, दोनपेक्षा जास्त ओळी नकोत आणि कुठलाही तुकडा एक सेकंदापेक्षा कमी वेळ दाखवू नका. सगळाच भाग लवकर येत असेल तर व्हीएलसीमध्ये 'एच' दाबा. दर दाबण्याला सबटायटल ५० मिलिसेकंद मागे सरकतं. 'जी' दाबलं की उलट. म्हणींचं भाषांतर करत बसू नका. त्या प्रसंगात काय म्हणायचं आहे तेवढं लिहा. तळटीप तर नकोच. टीप वाचून कोणी हसत नाही.

प्रश्न (बेळगाव) : जुन्या मालिकांतले काही विनोद आता खटकतात. मुलांना दाखवावेत का?

उत्तर : 'माइंड युअर लँग्वेज' (परदेशी लोकांच्या इंग्रजीच्या वर्गावरची ब्रिटिश मालिका, १९७७) मध्ये प्रत्येक देशाचा माणूस म्हणजे एक ठरलेली खोड. तिच्यावरून घेतलेल्या 'जबान संभाल के'तही (१९९३) प्रांतांचं तेच झालं. हे खटकतं, आणि कंटाळवाणंही होतं. कारण तिथे माणूस नाही, नुसता उच्चार आहे. 'फॉल्टी टॉवर्स' या हॉटेलवरच्या ब्रिटिश मालिकेचा जर्मन पाहुण्यांचा भाग २०२० मध्ये एका ब्रिटिश सेवेने काढला आणि थोड्याच दिवसांत सूचनेसह परत ठेवला. त्या भागात हसं होतं ते हॉटेलवाल्या बेझिलच्या मूर्खपणाचं, जर्मनांचं नाही. एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या तोंडची काही वाक्यं मात्र खरोखर ओंगळ आहेत. दाखवा, सोबत बसा, आणि मुलाने "हे का म्हणाला?" विचारलं तर भाग थांबवून उत्तर द्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : कॉलेजच्या गटासाठी २० मिनिटांचा विनोदी भाग लिहायचा आहे. संवाद छान जमतात, पण पूर्ण भाग ढिसाळ होतो.

उत्तर : संवाद आधी लिहिता, म्हणून. 'फॉल्टी टॉवर्स'चे एकूण भाग बारा, १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा. तिचे लेखक जॉन क्लीज आणि कॉनी बूथ कथानकाची सगळी चाकं जुळेपर्यंत संवादाला हात घालत नसत. संहिता मात्र नेहमीच्या अर्ध्या तासाच्या संहितेच्या जवळजवळ दुप्पट जाडीची व्हायची, इतक्या वेगाने गोष्टी घडतात.

तुमच्यासाठी : एक जागा, चार-पाच पात्रं, दोन धागे. प्रत्येक पात्राबद्दल एकाच ओळीत लिहा, त्याला आज काय हवंय आणि तो काय लपवतोय. दोन पात्रांच्या ओळी सारख्या निघाल्या तर त्यातलं एक काढून टाका. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी छोटी थाप मारते. छोटीच. मोठी थाप मारणारा माणूस आपल्याला लबाड वाटतो, छोटी मारणारा आपल्यासारखा वाटतो. दर तीन मिनिटांनी ती थाप निभावायला आणखी एक लागली पाहिजे. दुसरा धागा वेगळ्या पात्राचा, वरवर असंबद्ध. पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला दोन्ही धागे एकाच खोलीत शिरले पाहिजेत, तेही नको त्या दारातून. फार्स करणार असाल तर सेटला तीन तरी वाटा ठेवा. दोन दारांत चुकामूक होते, तिसरं लागतं ते तिसऱ्या माणसाला.

मग संवाद. २२ ते २५ पानं पुरतात. पंचचा शब्द वाक्याच्या अगदी शेवटी ठेवा. "तो गाढव आहे असं मला वाटतं" यात गाढव मध्येच अडकलं. पंच झाल्यावर समजावणारं वाक्य असेल तर ते खोडा. बहुतेक पहिल्या खर्ड्यात अशी आठ-दहा सापडतात. सगळी पात्रं सारखीच हजरजबाबी असतील तर नावं झाकून वाचा. कोण बोलतंय ते कळलं नाही, तर ते संवाद लेखकाचे आहेत, पात्रांचे नाहीत. आणि कुठल्याही पात्राला आपण विनोदी आहोत हे माहीत नसावं. बेझिलला स्वतःचं हॉटेल फार प्रतिष्ठित वाटतं, माया साराभाईला आपण सुनेला, मोनिशाला, सुधारतोय असं वाटतं.

गटाबाहेरच्या सहा जणांना बसवून घड्याळ लावून मोठ्याने वाचा. हसू आलं तिथे समासात खूण करा. जिथे सलग दोन पानं खूण नाही, तिथे विनोद घालू नका, पानं कमी करा. चित्रण करताना पडणं-धडपडणं पूर्ण अंग दिसेल अशा लांबच्या चौकटीत घ्या, आणि बोलणारा व ऐकणारा शक्यतो एकत्र ठेवा. नव्या मुलांची सर्वांत मोठी चूक संकलनात होते. पंच संपताक्षणी शॉट कापतात. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणखी एक-दीड सेकंद राहा.

प्रश्न (डोंबिवली) : मुलगा सगळ्या जुन्या मालिका दीडपट वेगाने बघतो. म्हणतो, गोष्ट तर कळते ना!

उत्तर : गोष्ट कळते. १.२ सेकंदांचा पॉज मात्र ०.८ चा होतो, आणि शब्द कळायला तेवढा पुरला तरी हसू यायला पुरत नाही. वाहिन्याही हे करतात. २५ मिनिटांचा भाग नुसता ७ टक्के जास्त वेगाने चालवला तर जवळजवळ १०० सेकंद सुटतात आणि तेवढ्यात जाहिराती बसतात. सिनेमाच्या २४ फ्रेमची फिल्म आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या टीव्हीवर लावली की ती ४ टक्के जास्त वेगाने पळते आणि आवाजही किंचित चढतो. हे आपण वर्षानुवर्षं न कळता बघितलं आहे. ४ टक्के खपतात. ५० नाही.

त्याच्याशी वाद घालू नका. 'टिपरे'चा एकच भाग साध्या वेगाने सगळ्यांनी मिळून लावा आणि रिमोट आजोबांकडे द्या.